गॅलरी घरातच मोडते

अण्णा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलेले नाही, हे तुमच्या पहिल्या नजरेतच आले असते. दुसऱ्याच्या मसुद्यातला गाळलेला शब्द तुम्हाला लिहिलेल्या शब्दांच्या आधी दिसत असे. तो मी मुद्दाम गाळला आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली की माझे आजचे वय तुमच्या शेवटच्या वयाहून अधिक आहे. तेव्हा वडीलधारेपणाचा अधिकार निदान वयाच्या हिशेबाने तरी तुमच्याकडे उरलेला नाही. आज मी बरोबरीने बोलणार आहे, आणि तुम्ही मध्ये बोलू शकणार नाही, याचे मला समाधान आहे.

परवा दादरला एका व्याख्यानानंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, “बाई, माणसानं सरकारवर विश्वास ठेवावा की सरकारला भिऊन राहावं?” मी सफाईदार उत्तर दिले. टाळ्याही पडल्या. माटुंग्याला घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला पोकळ वाटू लागले, कारण खरे उत्तर त्या सभागृहात नव्हतेच. ते गिरगावातल्या आपल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली आहे.

ती दुपार मला अजून दिसते. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलेले आहे, रस्त्यावर दगडांचा आणि काचांचा सडा आहे, आणि संचारबंदी पुकारलेली आहे. सचिवालयात जाता येत नाही म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात. तरीही रोजच्या वेळी दाढी केली आहे, इस्त्रीचा सदरा चढवला आहे, आणि हेडक्लार्कने बसावे तसे घरातल्या एकुलत्या खुर्चीत ताठ बसला आहात. आख्ख्या मजल्यावर दार उघडे आहे ते फक्त आपले. आई दांडीवरच्या लुगड्याकडे बघत विचारते, “अहो, कपडे काढून आणू का? बाहेर पडायचं नाही म्हणतात.” तुम्ही वर्तमानपत्र उघडता, हुकूम पुन्हा एकदा वाचता, चष्मा सारखा करता आणि निर्णय देता, “मनाई रस्त्यावर आणि सार्वजनिक जागी आहे. गॅलरी घरातच मोडते. जा.” शेजारच्या मालवणी काकू दाराच्या फटीतून ओरडतात, “वयनी, भायर नको गो! गोळये घालतत मेले!” तुम्हाला हसू येते. ते हसू मी विसरलेले नाही. “वहिनी, घरातल्या माणसावर सरकार गोळी झाडत नाही. आता काही गोऱ्यांचं राज्य नाही. सरकार आपलं आहे.”

आईने काठी घेतली, लुगडे सोडवायला उजवा हात उंच केला. खालून कोरडा आवाज आला. लुगडे तिच्या अंगावर कोसळले आणि क्षणभर मला वाटले, ओल्या कापडाचा भार तिला सोसला नाही. मग त्या लुगड्याचा रंग बदलू लागला.

काकूंनी आणि खालच्या मजल्यावरच्या छापखान्यातल्या कंपोझिटरकाकांनी तिला आपल्याच खाटेवर घालून खाली नेले. तुम्ही पुढे होतात, सचिवालयाचा पास हातात उंच धरून. नाक्यावर हवालदाराला तुम्ही सांगितलेत, “मी सरकारी नोकर आहे.” तो बिचारा घामाघूम झालेला तरुण होता. म्हणाला, “अहो, तो पास घाला खिशात आणि बाईला घेऊन पळा आधी.” त्या दिवशी सरकारच्या बाजूने बोललेले एकमेव शहाणे वाक्य ते होते, आणि ते ऐकूनही तुम्ही पास खाली केला नाहीत.

आई वाचली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही. दुसऱ्या दिवशी सरकारचा खुलासा छापून आला: जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी केवळ हवेत गोळीबार केला. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, “वरपर्यंत खरी माहिती पोचलेली नसेल. चौकशी होईल.” मी तेव्हा कॉलेजात होते, मोठ्याने बोलायची रीत नव्हती, म्हणून गप्प राहिले. आज बोलते. अण्णा, ज्या हवेत त्यांनी गोळ्या झाडल्या, त्या हवेत आपण राहत होतो. आपली तुळस त्या हवेत होती, पापडांची वाळवण त्या हवेत होती, आणि तुमच्या परवानगीने तिथे गेलेली तुमची बायको होती. सरकारी भाषेत तिसरा मजला रिकामा असतो हे तुमच्याइतके नेमके दुसऱ्या कुणाला ठाऊक असायला हवे होते?

पुढे काही वकील मंडळी गोळीबाराच्या जबान्या गोळा करत फिरू लागली. कंपोझिटरकाका आपल्या दारात येऊन उभे राहिले. “अण्णा, तुमच्या डोळ्यांदेखत झालं. आमच्यासारख्यांचं कोण ऐकतो? तुम्ही सचिवालयातले. तुम्ही बोललात तर वजन पडेल.” तुम्ही त्यांना बसायला सांगितलेत, चहा सांगितलात, आणि म्हणालात, “मी सरकारी नोकर. परवानगीवाचून जबानी देता येत नाही. वरिष्ठांमार्फत रीतसर अर्ज केलेला आहे.” काका चहाला शिवले नाहीत. “कुणाची परवानगी? ज्यांनी गोळी घातली त्यांची?” काकूही मागे येऊन उभ्या होत्या. “भावजी, कागद येतलो तेव्हा येतलो. वयनीचो हात काय परत येतलो?” तुम्ही मान खाली घातलीत आणि चहा निवत चालला आहे, एवढेच म्हणालात.

त्या संध्याकाळपासून मी सूड सुरू केला. तुमच्या ताटात पहिला भात वाढला की मी विचारत असे, “अण्णा, परवानगी आली का?” तुम्ही म्हणत असा, “अजून नाही.” आई डोळ्यांनी मला दटावत असे. मी थांबले नाही. जबान्या घेणारी मंडळी आपले काम आटोपून गेली, तरी थांबले नाही. महाराष्ट्राचे राज्य झाले त्या दिवशी सारे गिरगाव रोषणाईने उजळलेले होते, तुम्ही पेढे घेऊन आलात आणि कधी नव्हे ते उत्साहाने म्हणालात, “बघ, झालं की नाही? धीर धरला पाहिजे.” मी पेढा हातात घेतला आणि विचारले, “परवानगी आली का?” तुमचा चेहरा कसा विझला, ते मला आजही बारकाव्यासकट सांगता येईल. सेवानिवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घेऊन दारात आलात, तेव्हा मी तोंड उघडण्यापूर्वीच म्हणालात, “नाही आली.” मला पश्चात्ताप नाही. या घरात जबाब घेणारे कुणीतरी हवे होते.

मी वकील झाले ती तुमच्यामुळे, असे लोक कौतुकाने म्हणतात. बरोबरच आहे. पुढे एका गोळीबाराच्या चौकशीत एक अधिकारी माझ्यासमोर उभा होता. तोही म्हणाला, “हवेत.” मी विचारले, “हवेत म्हणजे किती उंच?” “सुरक्षित उंचीवर.” “त्या उंचीवर कोण राहत होतं?” त्याने उत्तरासाठी मागे वळून आपल्या वरिष्ठाकडे पाहिले. अगदी तुमच्यासारखे. मी त्याला दिवसभर सोडले नाही. न्यायाधीशांनी दोनदा सबुरीने घ्यायला सांगितले, आणि त्यांना काय ठाऊक की पिंजऱ्यात मला तो दिसतच नव्हता.

मी भीतीची बाजू घेते आहे असे समजू नका. काकू भ्यायल्या म्हणून वाचल्या हे खरे. पण पुढे आयुष्यभर खाकी कपडा दिसला की त्या दार लावून घेत, मग तो पोस्टमन का असेना. तुम्ही दार उघडे ठेवलेत, त्यांनी बंद केले, आणि सरकारला दोन्ही दारांतून एकही प्रश्न ऐकू गेला नाही. त्या मुलीला मी हे सांगायला हवे होते. भिऊ नकोस, विश्वासही ठेवू नकोस. विचारत राहा, रोज, जेवणाच्या ताटावरसुद्धा, समोरच्याचा घास अडेपर्यंत. एवढी क्रूरता नागरिकाकडे असलीच पाहिजे. ती मी तुमच्यावर घासून धारदार केली.

आता एक गोष्ट राहिली. हात वर जाईना म्हणून आईला वेणीफणी जमत नसे. तुम्ही रोज सकाळी, पूजेच्याही आधी, तिच्या मागे पाट घेऊन बसत असा, तिचे केस विंचरत असा आणि अंबाडा घालत असा. सुरुवातीला तो ओबडधोबड व्हायचा. पुढे आळीतल्या बायका ‘कुणाकडून घालून घेता?’ म्हणून आईला विचारू लागल्या. पुरुषमाणूस दार उघडे टाकून हे करतो, याचे चाळीत हसे झाले. तुम्ही दार लावले नाहीत. हे प्रायश्चित्त असेल तर फार स्वस्तातले, असे मला तेव्हा वाटे. आजही वाटते. सरकारपुढे जे तोंड उघडायला हवे होते, ते तुम्ही तिच्या अंबाड्याचे आकडे धरण्यासाठी वापरलेत.

हे पत्र पाठवायचे तर तुमच्या रीतीप्रमाणे वरिष्ठांमार्फतच पाठवावे लागेल, आणि तुमचे सध्याचे वरिष्ठ कोण, मला ठाऊक नाही. तेव्हा ते इथेच टेबलावर राहील. फक्त एवढे लिहून ठेवते. तुम्ही गेल्यावर आईचे केस मी बांधू लागले. माझ्या हातून कोणतेही काम ओबडधोबड होत नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण तो अंबाडा दुपारपर्यंत सुटायचाच. आई चाचपून म्हणायची, “राहू दे ग. त्यांचा झोपेपर्यंत हलत नसे.” ती गेली तोपर्यंत मला तो एकदाही जमला नाही.