ड्रम भरेपर्यंत

९ जाने. ९९
वेळापत्रक केलं. मनूच्या दप्तरातली स्केचपेनं ढापून. अभ्यास हिरवा, घरकाम लाल. देखणं झालंय. दिवस मात्र त्यातच गेला, अभ्यास शून्य. बी.ए.चा एकच विषय राहिलाय, अर्थशास्त्र. दोनदा लटकले. पुढल्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय, म्हणजे मेमध्ये सुटला नाही तर पुन्हा पहिल्यापासून... नको. लिहायलाच नको.

१७ जाने.
तिळगूळ, वाण, हळदीकुंकू, मनूची सहल, ह्यांचे शर्ट. वेळापत्रकावर तेलाचा डाग, हिरवा रंग फुटलाय. सगळं एकदम अंगावर येतं नि मग मी काहीच करत नाही. खिडकीतून धुकं बघत बसते. सातपूरच्या कारखान्यांचे दिवे त्यात भिजल्यासारखे दिसतात. बघता बघता भात करपला.

२ फेब्रु.
गंमतच. नळ पहाटे येतो, मागच्या अंगणात ड्रम लावून ताटकळत असते रोज. आज पुस्तक नेलं. बादली पालथी घालून बसले. पाणी आधी ढबढब पडतं, मग आवाज बारीक होत जातो, काठाशी आलं की शीळ. शीळ होईपर्यंत मागणीचा नियम वाचून झाला. कळलासुद्धा!

२० फेब्रु.
रोज एक ड्रम, थोडं अर्थशास्त्र. ठरवलं नव्हतं, लागलं. डोक्यातली गर्दी कुठे जाते कोण जाणे. अंगणातल्या पेरूखाली अंधार, बल्बभोवती पाकोळ्या, पाण्याचा आवाज चढत जातो आणि वाटतं, कुठल्यातरी लांबच्या गावी आहे, मी कोणाची कोणी नाही. बरं वाटतं. फार बरं वाटतं. वेळापत्रकात ह्याला कुठला रंग द्यायचा?

८ मार्च
ह्यांनी गच्चीवर टाकी बसवून घेतली. मोठी, काळी. मला न विचारता. "आता पहाटे उठू नकोस. पाणी आपोआप चढेल. झोप जरा." किती हौसेने सांगत होते! मी हसले. मग मोरीत जाऊन रडले. वेडी.

१५ मार्च
गजर लावून उठते, बाहेरच्या खोलीत वाचायला बसते. सासूबाई आल्यात चांदवडहून, कांद्याची पिशवी नि गुडघेदुखी घेऊन. "उठलीच हाय तर च्या टाक गं." मग मनू, "आई, उठलीच आहेस तर वेणी." मग हे, "उठलीच आहेस तर माझा डबा लवकर होईल?" चूक कोणाचीच नाही. पाणी भरणाऱ्या बाईला कोणी हाक मारत नाही. वाचत बसलेली बाई म्हणजे रिकामी. एक पान धड होत नाही. सगळं परत अंगावर. भीती वाटते मला.

२६ मार्च
गेले. टाकी गच्च भरलेली असताना मागच्या नळाला ड्रम लावला. चोरासारखं वाटलं, आणि छानही. वाया नाही घालवत, धुणं त्यातच. शीळ झाली तेव्हा कुठे होते? मक्तेदारीच्या प्रकरणात. कारखाने, धुकं, पेरू सगळं एकात एक...

४ एप्रिल
पकडले गेले. सासूबाई मागच्या दारात. "टाकी भरल्याली हाय ना? मग पुन्हा पानी कशाला भरती?" तेवढ्यात हे आतून, "आई, टाकीचं तापतं. मला ड्रमचं गार लागतं." हे जागे असतात हे मला माहीतच नव्हतं. दारात आले, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं, वळले.

५ एप्रिल
पालथ्या बादलीच्या जागी स्टूल. कोणी ठेवलं, विचारलं नाही.

२ मे
उन्हाळा. नळाला जोर नाही, ड्रम भरता भरत नाही. गल्लीतल्या बायका महापालिकेच्या नावाने बोटं मोडतात. मी आपली खुशीत.

१३ मे
आज पेपर. आणि आज नळ आलाच नाही.
सवयीने गेले, स्टुलावर बसले, कान लावला. थेंब नाही. इतक्या दिवसांचं सगळं पुसलं गेल्यासारखं. पाण्याशिवाय मला वाचताच येत नसेल तर? तरी पुस्तक उघडलं. पेरूवर उजाडत होतं.
आतून सासूबाई, "कुठं गेली गं? च्या?"
मग ह्यांचा आवाज. "थांब आई. ती पाणी भरतेय."
नळ कोरडा. अख्खी गल्ली कोरडी. कुठेच कसला आवाज नाही, आणि ते घरात सगळ्यांना ऐकू येत होतं. सासूबाई म्हणाल्या, "बरं. भरू दे."
डोळे भरून आले, ओळी दिसेनात. पुसले. मग दिसल्या.
चहा ह्यांनीच आणून दिला. साखर विसरलेत. तसाच प्यायले.
शेवटचं प्रकरण थोडं राहिलंय. पेपर अकराला. ड्रम रिकामाच आहे, अजून उठत नाही.