डाव्या पंखातली एक वीत

मी, शेवटी सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करणे, राहणार याच घरात आणि जागेपणीचा बराचसा वेळ घरामागच्या शेडमध्ये, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मला कोणी भरीस घातलेले नाही. मी शुद्धीत आहे याची खात्री म्हणून बसण्यापूर्वी कोऱ्या कागदावर पट्टीशिवाय तीस सेंटिमीटरची रेघ मारली आणि मग पट्टी लावून पाहिली. रेघ कुठेही अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हललेली नाही. तो कागद सोबत जोडला आहे.

लिहिण्याचे कारण असे, की येत्या मंगळवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. मी विचारले, शंभरातले किती? ते म्हणाले, तुम्ही असले आकडे मनात आणू नका. ज्याला आकडा सांगता येत नाही त्याच्या हाती मी पंपाचा वॉशरसुद्धा दिला नसता, पण दुसरा इलाज नाही. त्याआधी, रविवारी, मी अकरा वर्षे बांधलेले दोन आसनांचे विमान पहिल्यांदा उडायचे आहे. ते माझी मुलगी उडवणार. परवाना तिच्याकडे आहे. मला या हृदयामुळे मिळाला नाही. रविवार तिनेच ठरवला. म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही बघा, मग जा ऑपरेशनला. उलटं नको."

कलम १. राहते घर, त्यातील सर्व सामानासह, माझ्या पत्नीचे. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे घट्ट फिरवू नये, आतला आटा मी बसवलेला आहे आणि तो उलटा आहे. शेड ठेवायची की पाडायची हे तिने ठरवावे. अकरा वर्षे ती पाहुण्यांना सांगत आली, "आमच्याकडे आम्ही दोघी नांदतो, मी आणि ती पत्र्याची." हे ती हसून म्हणायची. पहिली चार वर्षे तरी हसून म्हणायची.

कलम २. बँकेत जे असेल ते पत्नीचेच. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. लेथ मशीन आणि पंपदुरुस्तीची सर्व हत्यारे माझ्या धाकट्या भावाला. ड्रिलची बिट मात्र त्याला देऊ नयेत. त्याने नऊ वेळा बिट नेली आणि नऊही वेळा बोथट करून आणली, वर म्हणाला, "दादा, तुझी बिटंच मऊ आहेत." बिट मुलीला द्यावीत. तिला धार लावता येते.

कलम ४. माझी निळ्या पुठ्ठ्याची वही, पाने एकशे बारा, आमच्यासारखे घरी विमान बांधणारे जे सात-आठ जण महिन्यातून एकदा भेटतात त्यांना. हिच्याइतकी मोलाची वस्तू माझ्याकडे दुसरी नाही. घरी विमान बांधणाऱ्याला दुकान नसते. त्याला गावभर हिंडून दुसऱ्यांच्या दुकानांत आपला माल शोधावा लागतो, आणि कुठे काय मिळाले ते सगळे या वहीत आहे. एकदम बारीक पॉलिश पेपर पितळी वाद्ये दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो. कोपऱ्यात शिरणारे छोटे ब्रश दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याकडे. न गंजणारे स्क्रू बोटींचे सामान विकणाऱ्या बाईंकडे. त्या मोजून देतात आणि मोजणी चुकत नाही. दुकानात "विमानासाठी हवंय" असे कधीही सांगू नये. एकाने मला हात धरून खेळण्यांच्या दुकानापर्यंत पोचवले होते.

सर्वांत अवघड वस्तू म्हणजे मरून रंगाची घासणी. पाने एकेचाळीस ते एकोणपन्नास तिच्यावरच आहेत. विमानाच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा केसाहून पातळ थर असतो आणि तोच त्याला गंजापासून वाचवतो. रंगाआधीचा प्रायमर धरावा म्हणून हा थर हलकाच खरखरीत करायचा, ओरबाडायचा नाही. हिरवी भांड्यांची घासणी ओरबाडते. तारेची घासणी तर लोखंडाचे कण मागे ठेवते. मरून घासणी तेवढी बरोबर घासते. पहिली दोन वर्षे मला कोणी हे सांगितले नाही. मी पुस्तकातून, पत्र्याचे तुकडे मिठाच्या पाण्यात महिना-महिना बुडवून शिकलो. मी शाळेत नववीपर्यंत. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या मंडळींत दोन इंजिनियर आहेत आणि ते पान त्रेचाळीस माझ्याकडून उतरवून घेऊन गेले.

कलम ५. शेडमधल्या फळीवर दोन पत्र्याचे डबे आहेत. निळ्या झाकणात ॲल्युमिनियमच्या घासण्या, लाल झाकणात पोलादाच्या. घासणी तीच, मरून, चार तुकडे केलेली. पण एकदा पोलादाला लागलेली घासणी पुन्हा ॲल्युमिनियमला लावायची नाही. तिच्यात लोखंडाचे कण अडकतात. धुऊन जात नाहीत. ते ॲल्युमिनियममध्ये रुततात, आणि मग ओल मिळाली की तो भाग आतून खात जातात. हा नियम मी केला. शेडच्या दारावर लिहून लावला. मुलगी चौदा वर्षांची असताना पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या खिळ्यांमागे लोखंडी ठोकळा धरायला येऊ लागली, तेव्हा पहिल्या दिवशी तिला हेच शिकवले. दोन्ही डबे मुलीला.

कलम ६. विमान, त्याचे इंजिन, कागदपत्रे व सुटे भाग माझ्या मुलीला. *(या कलमावर मी रेघ मारली आहे. रेघ माझीच. कारण कलम ९ मध्ये.)*

कलम ७. रंगारी म्हणून ज्याला सगळे ओळखतात, जो गाड्या रंगवतो आणि पहिली आठ वर्षे माझ्याबरोबर या विमानावर राबला, त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये, असे मी कच्च्या मसुद्यात लिहिले होते. मसुदा फाडला. आता हे कलम सरळ लिहितो.

आठ वर्षांपूर्वी, एका शनिवारी, मी एकटाच डाव्या पंखाची तुळई तयार करत होतो. तुळई म्हणजे पंखाच्या आत लांबवर जाणारा मुख्य भाग, ज्यावर सगळा भार असतो. प्रायमर दोन डब्यांतला एकत्र केलेला होता आणि एकदा केला की चार तासांत दगड होतो. सहा आठवडे वाट पाहून आलेले घासण्यांचे खोके संपत आले होते. शेवटची एक वीत घासायची राहिली आणि निळा डबा रिकामा झाला. ही वीत बुडाकडची, जिथे पंख विमानाला जोडतो आणि ताण सर्वांत जास्त असतो.

मी लाल डब्यातली एक घासणी काढली. ती स्वच्छ दिसत होती. साबणाने दोनदा धुतली. उन्हात धरून पाहिली. मग ती वीत घासली, प्रायमर मारला, आणि पुढच्या आठवड्यात पंख रिव्हेट मारून बंद केला. ज्याने नियम केला त्याला तो वाकवण्याइतकी समज असते, असे त्या दिवशी मला वाटले.

पाच वर्षांनी रंगारी डाव्या पंखाखाली आडवा पडून रंगाची तयारी करत होता. पाणी निथळायला खाली एक छोटे भोक असते. तिथून त्याच्या बोटावर पांढरी पूड आली. तो मला 'दशांश' म्हणतो, कारण मी दशांश चिन्हापुढचे आकडेही सोडत नाही. म्हणाला, "दशांश, हे बघ. आत काहीतरी खातंय."

पाहताक्षणी मला ती घासणी आठवली. आणि मी म्हणालो, "तू डबे बदललेस."

तो उठून बसला. "मी?"

"तुला सगळ्या घासण्या सारख्याच. गाड्यांवर काम करून सवय बिघडलीये तुझी."

त्याने बोटावरची पूड फडक्याला पुसली. मग म्हणाला, "बरं, मीच बदलले असतील. पण पंख उघड. मी रंगवलेली गाडी बिघडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. हे कुठे उभं राहणार?"

मी पंख उघडला नाही. उघडला असता तर कुठल्या जागी काय झाले आहे ते दिसले असते, आणि त्या जागेला रंगारीने कधी हात लावला नव्हता हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. मी त्याला शेडमधून जायला सांगितले. महिन्याच्या बैठकीत सर्वांसमोर सांगितले की रंगारीच्या निष्काळजीपणामुळे काम एक वर्ष मागे गेले. तो तिथे बसलेला होता. त्यानंतर तो बैठकीला आला नाही.

त्याच्या नावावर लावलेली ही चूक माझी आहे. हे बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवावे.

कलम ८. विमान उडवायची परवानगी देणारा सरकारी तपासनीस मागच्या महिन्यात आला. त्याने पंखाच्या छोट्या तपासणी-झडपेतून बॅटरीचा उजेड पाडून आत पाहिले. त्या दिवशी सकाळी मी पाणी निथळायचे ते भोक ओल्या फडक्याने पुसले होते. तो म्हणाला, "इतकं स्वच्छ काम मी घरगुती विमानात पाहिलं नाही." आणि सही करून गेला. ते कौतुक मला गोड लागले, हेही लिहून ठेवतो.

आत किती खाल्ले गेले आहे मला माहीत नाही. कदाचित नखाएवढेच असेल. कदाचित पंख आणखी वीस वर्षे टिकेल. मी पंप दुरुस्त करणारा माणूस आहे; न उघडता आतले सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो.

या आठवड्यात मुलीला सांगायला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा तिने बसायची गादी शिवून आणली होती आणि ती मला दाखवायची होती. तिसऱ्यांदा, काल, तीच म्हणाली, "बाबा, तुमचा हात सारखा डाव्या पंखावर का असतो?"

मी म्हणालो, "धूळ पुसतोय."

ती म्हणाली, "आता किती पुसाल? विमान उडालं की आपोआप जाईल."

कलम ९. आज दुपारी मी कोर्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडे जाऊन आलो. मृत्युपत्रात विमान मुलीच्या नावे आणि त्यासोबत अट, की आधी डावा पंख उघडावा, असे लिहिले तर चालेल का, हे विचारायला. तो म्हणाला, "चालेल की. पण मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडतात, हे ध्यानात आहे ना?"

माझ्या ध्यानात नव्हते. मी चार दिवस कलमे जुळवत होतो आणि एवढे साधे ध्यानात आले नव्हते. विमान रविवारी उडणार. हा कागद त्यानंतर उघडणार. कदाचित मला ते ध्यानात आणायचेच नसेल.

मी विचारले, साक्षीदार कोण चालतो? तो म्हणाला, "ज्याला काही मिळायचंय तो नको. नंतर भांडणं लागतात. आणि साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं काही नाही, नुसती सही पाहायची."

म्हणून पुढीलप्रमाणे ठरवतो. मुलीला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. बिट आणि डबे मी तिला आजच हातात देतो, म्हणजे कलम ३ व ५ मधला तिचा उल्लेख उरत नाही. विमान मी रंगारीला देतो. तो ते तिला उडवू देईल की नाही, हे त्याने ठरवावे. पण पंख उघडल्याशिवाय देणार नाही, एवढे मी त्याला ओळखतो. आणि मुलगी या मृत्युपत्राची पहिली साक्षीदार असेल. ती काहीही न वाचता सही करत नाही. ही सवय मीच लावली आहे. माझ्या मृत्युपत्रात साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे, पहिल्या ओळीपासून, माझ्यासमोर बसून.

आता तिला हाक मारतो.

स्थळ: घरामागची शेड, डाव्या पंखाशेजारचे टेबल.
दिनांक: उड्डाणाआधीचा शुक्रवार, सायंकाळचे पावणेसहा.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार दोन: शेजारची शिंपीण. मजकूर वाचला नाही, बापलेकींना बसलेलं पाहिलं. सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार एक: मुलगी. मजकूर पूर्ण वाचला. कलम सात दोनदा वाचलं. आधी रंगारीकाकांना फोन केला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि ऐकून घेतलं. म्हणाले, "सकाळी आठला येतो. ड्रिल चार्जिंगला लाव. आणि दशांशला म्हणावं, मी येईपर्यंत एकट्याने रिव्हेट काढायला घेऊ नकोस." रविवारचं उड्डाण रद्द केलं आहे, तसं धावपट्टीवाल्यांना कळवलं. निळा डबा उघडून पाहिला, घासण्या तीन आहेत, पुरणार नाहीत. वही माझ्याकडे ठेवली आहे, उद्यापुरती.

लिहून ठेवणाऱ्याने सही माझ्या डोळ्यांसमोर केली. सोबत जोडलेली रेघ मी पाहिली, ती सरळ आहे. ते पूर्ण शुद्धीत होते. (सही)