भाऊला आधी सांगावे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा लाँड्री, राहणार लाँड्रीच्याच मागच्या दोन खोल्यांत, आज हे माझे शेवटचे इच्छापत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. पण लिहायला हात लागतो, आणि तो अजून ओली चादर एका झटक्यात झाडू शकतो. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. वहिनीने मध्यंतरी आडून आडून विचारले होते की दुकानाचे पुढे काय, तेव्हा मी तिला चहा पाजून वाटेला लावले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

यात माणसे थोडी आहेत. माझा सख्खा धाकटा भाऊ, ज्याचा उल्लेख यापुढे 'भाऊ' असा होईल. कागदावरही आणि गल्लीतही. त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी जो तो त्याला 'छोटू' म्हणतो, कारण त्याला बेरीज येत नाही आणि तो बोलायला वेळ घेतो. बिल चुकते करताना ज्यांना बेरीज येत नाही अशी बडी बडी माणसे मी या धंद्यात पाहिली. त्यांना कोणी छोटू म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

दुसरा आमचा थोरला भाऊ, म्हणजे दादा. वहिनी त्याची बायको. त्या दोघांची मुलगी, माझी भाची, शाळेत शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करायची आहे. आणि आमच्याकडे इस्त्री करणारा गृहस्थ, ज्याला सगळे 'कर्नल' म्हणतात. तो फौजेत कधीच नव्हता, पण स्वतःच्या पँटची इस्त्री अशी कडक ठेवतो की त्याला दुसरे नाव शोभले नसते.

कलम पहिले. मागच्या दोन खोल्या आणि पुढचे दुकान ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. खोल्या भाऊला द्याव्यात, पूर्ण मालकीने. हा कागद तपासून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, भाऊच्या बाबतीत कायद्याने पालक नेमावा लागेल. मी म्हटले, लावा कायद्याचा शब्द. तर भाची कागदावर पालक राहील आणि घरात भाची. तिने आत येताना दार वाजवावे. दार उघडेच असले तरी वाजवावे. भाऊचे कपाट त्याला विचारल्याशिवाय आवरायला घेऊ नये; त्यात काय आहे ते मलाही माहीत नाही आणि माझे काही अडले नाही. दाढी तो स्वतः करतो. हनुवटीवर कधी रक्त दिसले तर कापूस द्यावा, वस्तरा काढून घेऊ नये. कोणी पाहुणा आला आणि भाऊसमोर बसून "हे जेवतात का नीट?" असे भाचीला विचारू लागला, तर तिने म्हणावे, "काका समोर बसलेत, त्यांनाच विचारा." आणि मग गप्प बसावे, त्याच्या वतीने उत्तर देऊ नये. हे सगळ्यात कठीण आहे, मला ठाऊक आहे. त्याला शब्द सापडेपर्यंत आपल्याच जिभेला खाज सुटते.

कलम दुसरे. दुकानाची जागा, लाँड्रीचा धंदा, मशिन्स, टेम्पो आणि हॉटेल-रुग्णालयांची गिऱ्हाइकी भाऊ आणि कर्नल या दोघांना अर्धी अर्धी. भाऊचा हा हिस्सा दयेपोटी दिलेला नाही. मागे दोन समाजसेविका दुकान बघायला आल्या होत्या. भाऊला चादरी घड्या घालताना पाहून त्यातली एक म्हणाली, "छान विरंगुळा आहे हो यांना." मी म्हटले, "बाई, हॉटेलवाले विरंगुळ्याचे पैसे देत नाहीत." त्या हसल्या, पण त्यांना ते लागले असावे. लागू दे.

मोठी चादर एकट्याने घडी होत नाही, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते म्हणून लिहिते. दोघांनी समोरासमोर उभे राहून दोन-दोन टोके धरायची, ताण द्यायचा, चालत जवळ यायचे, आपली टोके दुसऱ्याच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि परत मागे जायचे. आम्ही बहीणभावाने जन्मभर हेच केले. सकाळी कितीही कडाक्याचे भांडण झालेले असो, चादर आली की समोर यावेच लागते, आणि हातात हात द्यावाच लागतो. आमची बहुतेक भांडणे तिसऱ्या-चौथ्या चादरीशी मिटली. माझ्यामागे माझी टोके कर्नलने धरावीत. तो चांगला आहे पण घाईचा आहे. भाऊ कोपऱ्याला कोपरा जुळल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तेव्हा कर्नलने त्याच्या चालीने चालावे, ओढू नये. रुग्णालयाच्या चादरींची घडीही हॉटेलच्या चादरींसारखीच व्हावी. एकदा कर्नल म्हणाला होता, "यांना कोण बघतंय एवढं?" भाऊ म्हणाला, "झोपतो तो बघतो." तेव्हापासून आमच्याकडे तोच नियम आहे.

कलम तिसरे. बँकेत जे काही असेल त्यातून आधी माझे औषधपाणी आणि शेवटचा खर्च भागवावा, उरेल ते भाऊच्या नावे ठेवावे. वहिनीला माझ्या सगळ्या चांगल्या साड्या द्याव्यात. तिचा त्यांच्यावर डोळा आहे आणि तिला त्या माझ्यापेक्षा खुलून दिसतील, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटले नाही.

मोठ्या हॉटेलात चादरी मोजून घेणाऱ्या ज्या बाई होत्या, आता निवृत्त झाल्या, त्यांना माझी सोन्याची बांगडी द्यावी. "एवढं कशाला?" असे त्या म्हणतील. का, ते पुढच्या कलमात आहे, त्यांना ते वाचून दाखवावे.

कलम चौथे, दादाविषयी. आई वारली त्या सकाळी मी तिच्याजवळ आत होते. बाहेर येऊन बघते तर भाऊ नाही. दादाने त्याला टेम्पोत बसवून माल पोचवायला धाडले होते. ड्रायव्हरला बजावले होते, "संध्याकाळशिवाय आणू नकोस. त्याला काय कळतंय? उगाच जिवाला त्रास." भाऊ परत आला तोवर सगळे आटोपले होते. आईची गादी उघडी पडली होती आणि तिची चादर धुऊन दोरीवर वाळत होती. वहिनीने आपली मदत म्हणून धुतली होती. भाऊने विचारले, "आई कुठं आहे?" दादा म्हणाला, "बाहेरगावी." हे मला मागाहून कळले; तेव्हा मला येऊन तो म्हणाला, "मी सांगितलंय त्याला सगळं. तू विषय काढू नकोस." मी विश्वास ठेवला.

आता आमच्या धंद्यात चादर धुवायला आली की त्याचा एकच अर्थ असतो, पाहुण्याने खोली सोडली. आणि खोली सोडलेला पाहुणा दुसऱ्या कुठल्या तरी हॉटेलात जातो. भाऊने हिशेब बरोबर केला, फक्त त्याच्या हातात खरी बातमी नव्हती. तो हॉटेलांकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचा, "तुमच्याकडे उतरली का आई?" त्यांना वाटायचे गंमत करतोय. शेवटी एक दिवस त्याने आईची चादर कडक इस्त्री करून घेतली, बगलेत धरली, आणि मोठ्या हॉटेलात जाऊन काउंटरवर विचारले, आई कोणत्या खोलीत आहे, तिला परक्या चादरीवर झोप येत नाही.

काउंटरवरची पोरे हसायला लागली. तेवढ्यात चादरी मोजून घेणाऱ्या त्या बाई आल्या. त्यांनी भाऊला पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवले आणि मला फोन केला. म्हणाल्या, "तुमचे भाऊ आलेत. ते आईंना शोधतायत. मी काही बोलले नाही, तुम्हीच या." मी चपला न घालता धावले. त्या सोफ्यावर त्याच्याशेजारी बसून मी सांगितले, "भाऊ, आई मेली. ती कुठल्याही हॉटेलात नाही."

त्याने बराच वेळ चादरीची किनार चाचपली. मग म्हणाला, "कधी?"

"तू टेम्पोत होतास त्या दिवशी."

"मग मला का पाठवलं?"

तो रडायला लागला, मोठ्याने, चारचौघांत. येणारेजाणारे बघू लागले तेव्हा त्या बाई आमच्यापुढे येऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्याचे रडून होईपर्यंत हलल्या नाहीत.

दादा वाईट माणूस नाही, हे मला लिहावे लागते आहे, आणि लिहितानाही राग येतो आहे. आईच्या आजारपणात त्याने काही कमी केले नाही. पण त्याने भाऊकडून आईचे मरण काढून घेतले, आणि भाऊ जणू घरातले सामान असावा तसे त्याला एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवले. दादाला मी काही देत नाही. त्याचे पोट भरलेले आहे.

कलम पाचवे, माझ्या मृत्यूविषयी. मी मेले की भाऊला आधी सांगावे. डॉक्टरांच्या पाठोपाठ ते त्याला कळले पाहिजे. भाचीने त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे बघून, "काका, आत्या मेली" असे म्हणावे. देवाघरी गेली, लांब गेली, झोपली, असले काही म्हणू नये. झोपलेली माणसे उठतात हे त्याला माहीत आहे. त्याला माझ्याजवळ बसू द्यावे. त्याने हात लावला तर लावू द्यावा. माझ्या अंगावर घालायची चादर त्याने निवडावी. हॉटेलची नको, ती परत करायची असते. खांदा द्यायचा असेल तर तो देईल, त्याची चाल हळू आहे म्हणून कोणी त्याला बाजूला करू नये. नको म्हणाला तर आग्रह करू नये. आणि दादाने त्या दिवशी सगळे आटोपेपर्यंत या घरात पाऊल टाकू नये.

एवढे लिहून झाले तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, आता सही करा. मी म्हटले, आधी भाऊला वाचून दाखवते. त्या हळूच म्हणाल्या, "त्याची कायद्याने गरज नाही, आणि त्यांना झेपेल का?" मी म्हटले, "त्याच्या घराबद्दल आहे, त्याच्या बहिणीबद्दल आहे. झेपेल न झेपेल, ते तो बघेल." मग भाऊ हातातले काम ठेवून आला, हात पुसून खुर्चीवर बसला, आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचले. 'झोपतो तो बघतो' ऐकून तो हसला. आईचे आले तेव्हा खिडकीकडे बघत राहिला. मी वाचायची थांबले तसा म्हणाला, "ताई, दादाला कोण सांगणार?"

"कळेल त्याला."

"कसं?"

"करेल कोणीतरी फोन."

"आणि त्याने घरात नाही यायचं?"

"नाही. तुझ्यासाठीच लिहिलंय ते."

तो विचार करत राहिला. वकीलबाईंनी पेनचे टोपण लावायला घेतले, त्यांना मी हाताने थांबवले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "म्हणजे तो दिवसभर बाहेर राहणार. मग संध्याकाळी येणार. आणि तू नसणार."

मी कागद मांडीवर ठेवला.

"असं नको करू, ताई," तो म्हणाला. "फार वाईट वाटतं ते. मी सांगतो त्याला. त्याला नाही जमत सांगायला. मला जमेल."

मी रडले. कायद्याच्या कागदात हे बरे दिसत नाही असे वकीलबाईंचे म्हणणे आहे, पण त्यांनी स्वतः तेव्हा चष्मा काढून पुसला, आणि मी पूर्ण शुद्धीवर होते याचा याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नाही. इतकी वर्षे मी एकच काळजी वाहिली की भाऊला कोण सांगेल. सांगणारा तो असू शकतो हे माझ्याही मनात कधी आले नव्हते.

सबब कलम पाचवे यातील शेवटची ओळ खोडली आहे आणि खोडल्या जागी माझी सही आहे. तिच्याऐवजी असे वाचावे: माझ्या मृत्यूची बातमी भाचीने भाऊला सांगावी, आणि भाऊने दादाला. तोवर दादाला दुसऱ्या कोणीही सांगू नये. त्यानंतर दादाने घरात यावे, भाऊच्या शेजारी बसावे. भाऊ बोलायला वेळ घेतो. दादाने तेवढा वेळ थांबावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे म्हणून दोन साक्षीदारांच्या देखत सही करते. कर्नललाही साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला उभे राहू नये, म्हणून तो रुसून दुकानात इस्त्री करतो आहे.

ठिकाण: लाँड्रीची मागची खोली
दिनांक: ९ जानेवारी २०२६, शुक्रवार

सही: लाँड्रीवाली ताई

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावरील निवृत्त नर्स (सही)
साक्षीदार दुसरे: औषधाच्या दुकानाचे मालक (सही)

आम्हा दोघांदेखत ताईंनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली.

वाचनाच्या वेळी हजर: भाऊ. यांनी एक दुरुस्ती सुचवली. ती मंजूर.