पेटीतली माती

माय, नाताळानंतर आपल्या चर्चच्या मंडळीसोबत मी यरुशलेम पाहून आलो. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. तिथे जायची इच्छा तुझी होती. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरातलं यरुशलेमचं चित्र तू शेवटपर्यंत कोणाला काढू दिलं नाहीस. मी काही फार भाविक होऊन गेलो नाही. ताईनंच यादीत माझं नाव घातलं, मागे लागून पासपोर्ट काढायला लावला आणि निघताना हातात एक कापडी पिशवी दिली. म्हणाली, "तिथची माती आणजो. माय-बाबाच्या कबरीवर टाकू." तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

पहिले दिवस बरे गेले. बेथलेहेम, नासरेथ, पडक्या भिंती, झिजलेल्या पायऱ्या. आपली माणसं धानाच्या मुलखातली, नुसत्या रोटीनं कासावीस झाली, तेव्हा पाळकसाहेबांच्या बायकोनं हॉटेलच्या खोलीत चहाच्या किटलीत भात शिजवला आणि प्रत्येकाला चमचाभर वाटला, प्रभुभोजनासारखा. मीही पोट धरून हसलो. मग गालील समुद्रावर आम्हाला नावेत बसवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "हा समुद्र होय? आपल्या गोसीखुर्द धरणाचं पाणी याच्याहून मोठं दिसते." सगळी नाव हसली. माझं हसू तिथेच संपलं.

धरणाचं पाणी चढणार म्हणून गाव उठलं, तेव्हा लोकांनी दारं, चौकटी, छपरावरचे कवेलू उतरवून नेले. तू मात्र बाबांची कबर धरून बसलीस. "त्यायले पोहता येत नोहोतं बापू. नावेत बसाले भेत होते. त्यायले पाण्यात नोको ठेवू." नवीन गावठाणाच्या कब्रस्तानात जागा मिळाली होती, सुताराकडून पेटीही करून घेतली होती. मी दोन माणसं घेऊन जुन्या कब्रस्तानात गेलो. कुदळ दोन हात खाली गेली, ओली काळी माती वर आली. बाबांना मातीत ठेवलं तेव्हा त्यांच्या अंगात पांढरा सदरा होता, दाढी मीच करून दिली होती. आता जे निघेल ते मला पाहायचं नव्हतं. "थांबा, पुढच्या रविवारी करू," असं म्हणून मी खड्डा बुजवायला लावला, आणि तुला सांगितलं की माणसंच आली नाहीत. पुढच्या रविवारी गेलो तर कब्रस्तान नव्हतं. नुसतं पाणी, त्यात चिंचेचा शेंडा तेवढा वर. मी काठावर बसून राहिलो. मग काठावरचीच माती पेटीत भरली, खिळे ठोकले आणि पेटी आणून तुझ्यासमोर ठेवली. तू तिच्यावरून हात फिरवत विचारलंस, "भिजले तं नाही न?" मी म्हणालो, "नाही माय, कोरडेच हायेत."

पाळकसाहेबांनी त्या पेटीवर प्रार्थना केली. पुढे दर ईस्टरला, पहाटेची उपासना कबरींपाशी असते म्हणून, तू आदल्या दिवशी तिथे बसून चुना लावायचीस, मेणबत्ती रोवायचीस आणि बाबांना वर्षभराच्या गोष्टी सांगायचीस. कोणाचं लग्न जमलं, कोणाची म्हैस व्याली. मी बादली धरून उभा असायचो. कितीदा तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. शेवटी तू म्हटल्याप्रमाणे तुला बाबांच्या शेजारी ठेवलं, असं सगळे म्हणतात.

यरुशलेमात सगळ्यात शेवटी एका बागेतली कबर दाखवायला नेलं. प्रभूला तिथेच ठेवलं होतं असं कित्येक जण मानतात. खडकात कोरलेली खोली, ठेंगणं दार, बाहेर ही रांग. प्रभू मेलेल्यातून उठला, आत कोणी नाही, हे पाहायला माणसं कुठून कुठून येतात. पाळकसाहेब डोळे पुसत बाहेर आले. "आत काहीच नाही. आपला सगळा आनंद याच्यातच हाय," म्हणाले, आणि मग माझ्याकडे पाहून, "तुम्ही काहून उभे? जा न आत." मी म्हणालो, "चक्कर येऊन राहिली." बाकावर जाऊन बसलो. मला त्या सगळ्यांचा राग आला, माय, आणि त्याहून जास्त माझा. रिकामी कबर मीही करून ठेवली होती. उठताना फुलझाडांच्या वाफ्यातली माती पिशवीत भरली, ताईनं सांगितलं होतं म्हणून.

इथवर मी आधीच लिहून ठेवलं होतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी कागद खिशात घालून तुझ्याकडे आलो, तुला वाचून दाखवायचं असं ठरवून. ताई दोन्ही कबरींना चुना लावत होती. बाबांच्या कबरीला एक हात जास्त, तुझ्यासारखाच. चुना संपला म्हणून ती घरी गेली. आता वाचता आलं असतं. मी कागद बाहेरही काढला नाही. अर्धी माती तुझ्यावर टाकली. उरलेली घेऊन धरणाच्या काठावर गेलो आणि पाण्यात सोडली. जरा वेळ तांबूस दिसली, मग नुसतं पाणी.

घरी आलो तर ताईनं विचारलं, "बाबावरही टाकली न रे?"

मी हो म्हणालो, तुला "कोरडेच हायेत" म्हणालो होतो त्याच आवाजात.