सैल पट्टी

८ सप्टेंबर, सोमवार
डाव्या घोट्यावरची जखम सहा महिन्यांची झाली. दवाखान्यातल्या मोनाली सिस्टरनं आज हाताचं बीपी घेतलं, मग पायाचं. पायाचं फार कमी निघालं. म्हणे पायाले रक्तच कमी पोचून राहिलं, म्हणून दाबाची पट्टी हलकीच बांधायची, अन् घरी कोणी हात लावायचा नाही. इतकी सैल पट्टी तर पोरी बाहुलीले बांधतात. मी कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं बॉयलरवर फोरमन. प्रेशर काय असते ते आता मले ही पंचवीस वर्षांची पोरगी शिकवणार.
संकल्प : २ ऑक्टोबरले धम्मचक्र दिनी आपल्या वस्तीच्या मसालेभाताच्या स्टॉलवर दिवसभर उभं राहायचं. तंबाखू-सुपारीचा खर्रा उद्यापासून बंद.

११ सप्टेंबर
पुन्हा सैल. सिस्टर म्हणे खर्रा सोडल्याशिवाय जखम भरणार नाही. खर्रा तोंडात, जखम पायात. मधलं अंतर या शिकलेल्या लोकांले दिसत नाही.

१४ सप्टेंबर
खर्रा अर्धा केला. अर्धा सकाळी, अर्धा दुपारी.

२० सप्टेंबर
स्टॉलवर माझ्या हाताखाली काम करते तो धम्मदीप आला. म्हणे काका, यंदा तुम्ही खुर्चीवर बसा. खुर्चीवर म्हाताऱ्यांले बसवतात. मी एकाहत्तरचा.

२७ सप्टेंबर, शनिवार
पाच दिवस उरले. जखम तशीच. मेडिकलमधून बँडेजचे दोन रोल आणले. पाइप गळला तर क्लॅम्प आवळायचा, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवत. बायको प्रेमिला म्हणे, काहून हात लावता जी, सिस्टर नाही म्हणाली ना. तिले म्हटलं, तू भाजी पाहा. सिस्टरच्या पट्टीवर दोन्ही रोल आवळले. याले म्हणतात काम.

२८ सप्टेंबर, सकाळ
जबरदस्त ठणका. म्हणजे लागू पडलं.
दुपार : बोटं थंड. सूज उतरून राहिली.
संध्याकाळ : ठणका बंद. बोटांत काहीच जाणवत नाही. प्रेमिला म्हणे बोटं जांभळी दिसतात. तिले मोतीबिंदू आहे.

२९ सप्टेंबर
सिस्टरनं पट्टी उघडली अन् लगेच ऑटो बोलावला. मोठ्या हॉस्पिटलात भरती. साध्या गोष्टीचा बाऊ.

१ ऑक्टोबर, वॉर्ड
उद्या सकाळी दोन बोटं काढणार. पाय राहते का, ते नंतर सांगतील. स्टॉल धम्मदीप पाहणार.
सर्जननं विचारलं, पट्टी कोणी आवळली. मी म्हटलं, बायकोनं. त्यानं तिले अख्ख्या वॉर्डासमोर झापलं. मग ऑपरेशनच्या कागदावर तिनंच सही केली.
संध्याकाळी मोनाली सिस्टर भेटायले आली. तिच्याही कानावर तेच गेलं होतं. प्रेमिलाले समजावून राहिली होती की यापुढे पट्टीले हात लावायचा नाही. प्रेमिला हो म्हणाली.
लाज वाटली. खूप वाटली. खरं सांगायले तोंड उघडलं, अन् पाणी मागितलं. प्रेमिलानं दिलं.