मिठाची उकड

आषाढ वद्य षष्ठी, शके १८५१. रेवदंडा

सदाने आज नलूचा साप खाल्ला! शेपटीपासून सुरुवात केली ती थेट डोक्यापर्यंत. डोळ्यांना मिरी लावली होती, ती दाताखाली आल्यावर बोंब ठोकली. नलू वेगळी रडतेय — सकाळभर खपून केलेला साप. एक सात वर्षांची, एक चार वर्षांचा, बाहेर धो धो पाऊस, आणि मध्ये मी.

दोष माझाच. मोदकाला करतो तशी उकड काढली — तांदळाचं पीठ, उकळतं पाणी, पळीभर खोबरेल, गरम असतानाच मळायची. मुलांच्या हाताला माती लागायला नको म्हणून. पण उकड ती उकडच, पोर खाणार नाही तर काय. गडी बुधाजी वाडीतून आला होता, तो हसला. त्याचे भाऊबंद मिठागरावर असतात. म्हणाला, "मूठभर मीठ टाका बाय. मंग पोर खात न्हाय, नि बुरशी पन येत न्हाय."

उद्या टाकून बघते.

आषाढ वद्य अष्टमी

मीठ लागू पडलं. सदाने चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि गुमान खेळायला बसला. निम्म्या गोळ्याला हळद लावली, निम्म्याला नीळ. निळा बैल, पिवळी कोंबडी, एक काहीतरी जे सदाच्या मते होडी आहे.

केसरला जाऊन पाच महिने झाले. माझी पाठची बहीण ती. तिच्यामागे मुलांना बघायला म्हणून मला पालीहून बोलावून घेतलं. दिराच्या घरी विधवा भावजय म्हणजे फुकटची स्वयंपाकीण, तिथून सुटले म्हणून मला आनंद झाला होता — बहीण मेल्यावर आनंद! ही गोष्ट या वहीशिवाय कुणाला सांगणार.

ज्येष्ठात तिच्या यजमानांनी, चांगदेवरावांनी, दुसरं लग्न केलं. तक्रार नाही, पुरुषमाणूस. नवी मुलगी आषाढ पाळायला माहेरी हरिहरेश्वरला गेली आहे. आज जेवताना त्यांच्या आई, माई, मला म्हणाल्या, "श्रावणात सत्यवती आली की तुम्ही मोकळ्या झालात."

मोकळी. म्हणजे पाली.

आषाढ अमावास्या

दिव्यांची अवस. कणकेचे दिवे मुलांकडून करून घेतले. सदाने अंगठ्याने एवढा मोठा खळगा पाडला की तेल खालून गळालं. "हा आईचा," म्हणाला. मी तोच आधी लावला. विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही.

श्रावण शुद्ध प्रतिपदा

नलूला पिठोरीची आठवण झाली. गेल्या वर्षी केसरने केली होती. श्रावणातल्या अवसेला पिठाच्या देवी मांडायच्या, दिवसभर उपास, आणि संध्याकाळी आईने खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरून मुलांकडे पाठ करायची. मागे वळून बघायचं नाही. "अतीत कोण?" म्हणून विचारायचं, म्हणजे दारी कोण पाहुणा आलाय. मागून मुलाने "मी" म्हणून आपलं नाव सांगायचं आणि ताट घ्यायचं. मुलं जगावीत म्हणून.

मग आम्ही तेच खेळलो. खारट उकडीच्या पुऱ्या, केळीचं पान, आणि मी झाले आई. "अतीत कोण?" विचारायचा अवकाश, सदा ओरडतो, "मी! सदा!" नलूची पाळी असली तरी हाच. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

मग मागीलदारी जाऊन रडले. ना कूस उजवली, ना कपाळी कुंकू. कुठल्या तोंडाने विचारते मी, अतीत कोण?

श्रावण शुद्ध तृतीया

आली. सोळा वर्षांची. उंच, मोठे पाय, बोलताना अर्धे शब्द गिळते. माझ्या पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले.

श्रावण शुद्ध षष्ठी

काल नागपंचमी. आम्ही तिघांनी उकडीचे पाच नाग केले. ती दारात उभी राहून बघत होती. आज दुपारी तिने आपणच पीठ घेतलं, गार पाण्यात भिजवलं आणि मुलांना घेऊन बसली. गार पाण्याने कधी झालीय? बैल केला, पाय मोडले. पुन्हा केला, पाठीला भेगा. सदा खदाखदा हसला. ती लाल झाली. मला विचारते, "ताई, तुमची कशी हो मऊ होते?"

"येईल हळूहळू," म्हटलं.

पाणी उकळतं लागतं. तीन शब्द. पण नाही निघाले तोंडातून.

श्रावण पौर्णिमा

नारळी पौर्णिमा. सुपारीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या रुंद देठाच्या, होड्या केल्या, आत उकडीचे खलाशी बसवले. खाडीवर न्यायला मी पदर खोचून तयार, तर माई म्हणाल्या, सणाचा दिवस आहे, सत्यवतीला जाऊ दे. माझं कपाळ आडवं येतं ना सणाला. गेली ती, बुधाजीला सोबत घेऊन.

सदा परत आला तो तिच्या कडेवर. झोपलेला. तोंड तिच्या मानेत.

तो माझ्या मानेत झोपतो!

नंतर नलूची वेणी घालताना मी जे बोलले ते लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की बोलले नव्हते. म्हटलं, "पिठोरीला जिच्या मागे 'मी' म्हणशील, तिची होशील. मग आईची उरायची नाहीस." नलूने विचारलं, "आणि तुझी?" "माझीही नाही."

भांग वाकडा पडला होता, तो तसाच ठेवला.

श्रावण वद्य नवमी

पालीला पत्र गेलं. पिठोरी झाली की मला पोचवणार. चांगदेवराव पानावरून उठता उठता म्हणाले, तुमचे फार उपकार झाले. आणि आंचवायला गेले.

श्रावण अमावास्या

पिठोरी. देवींच्या पिठाला माझा हात लागायचा नाही, म्हणून सत्यवतीनेच केल्या. सगळ्यांना भेगा. दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही पोरीने. संध्याकाळी ताट डोक्यावर धरून उभी राहिली, मागे नलू आणि सदा, माई बाजूला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड.

"अतीत कोण?"

सदाने तोंड उघडलं, नलूने त्याच्या तोंडावर हात दाबला. "अतीत कोण?" पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आवाज फाटला. ताटातली वाटी वाजायला लागली. नलू माझ्याकडे बघत होती. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं.

नाही हलवली.

खीर सांडली. वळून बघायचं नसतं म्हणून ती तशीच उभी राहिली, केसांतून खीर ओघळतेय, आणि तोंड भिंतीकडे. माईंनी ताट काढून घेतलं तेव्हा खाली बसली.

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा

माईंचं ठरलं. अपशकून झाला, मुलांनी हिला ओळखलं नाही, हिला ठेवून मुलांच्या जिवाला काही झालं तर? दिवाळीपर्यंत तरी हरिहरेश्वरला धाडायची, पुढचं पुढे. आणि माझ्याकडे वळून — तुम्ही राहाल ना?

राहाल ना! महिनाभर याच शब्दांसाठी जीव टांगणीला लागला होता माझा. "राहीन," म्हटलं. आवाज कसा खणखणीत निघाला. लाज वाटते.

भाद्रपद शुद्ध द्वितीया

दुपारी मागीलदारी गेले तर सत्यवती चुलीपाशी. मनगट भाजलेलं, त्यावर खोबरेल थापलेलं, आणि पुढ्यात पांढरीशुभ्र मऊ उकड. एक बैल चारी पायांवर उभा. एकटीने शोधून काढलं, कुणी न सांगता.

"ताई, जमली हो. पाणी उकळतं लागतं. पुढल्या वेळेला सदा हसायचा नाही."

हिची ट्रंक भरून ओसरीवर ठेवलीय, गाडी उद्या सकाळची, आणि ही पुढल्या वेळेचं बोलते! तिचं मनगट धुऊन नीट तूप लावलं. मग तशीच माईंपुढे गेले आणि सांगितलं — मुलांना मी शिकवलं. पोरीचा काही दोष नाही.

माईंनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मग उद्याच्या गाडीने तुम्ही."

नलूला जवळ घेऊन सांगितलं, मी खोटं बोलले होते. तिने विचार केला. "मग मी कुणाची?"

"घरात जी असेल तिची," म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

भाद्रपद शुद्ध अष्टमी. पाली

पाच दिवस लिहिलं नाही. इथे चूल आणि मी.

त्या सकाळी बुधाजी बैल जुंपत होता, ओसरीवर दुसरं कुणी आलं नाही, म्हणून बोचकं मीच उचलून डोक्यावर घेतलं. दोन्ही हात वर, तोंड गाडीकडे. मागून पदर ओढला गेला.

"मी! सदा!"

मी विचारलंच नव्हतं.