थोरलीची मूठ

५ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या धाकट्या जावेच्या, हर्षाच्या मसाल्याच्या पाकिटावर तिचा फोटो आला. लाल लुगडं, नथ, हातात डाव. माझ्या कढईजवळ त्या हाताले चौदा वर्षं नुसत्या मिरच्या खुडाले दिल्या होत्या!

जागेश्वर म्हणाले, "फोटो चांगला आहे." मी म्हटलं, मंग तुमच्या लहान्या भावाच्याच घरी जेवा, फोटोवाली वाढून देईन. गेलेबी. बाजूचंच दार आहे.

अबोली म्हणते, "आई, जे तोंडानं बोलतेस ते वहीत लिही. घर शांत राहीन." स्वतःची कॉलेजची अर्धी कोरी वही दिली. चौथी शिकलेली बाई मी. बरं. लिहून राहिली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हर्षाचे मालक चंदन भाऊजी चौकात सांगत फिरून राहिले — आमच्या हर्षानं लाइफ कोच लावली! दर गुरुवारी जाते. त्या मॅडमनंच तिले बोलतं केलं, धंदा उभा कराले लावला.

मले कोच म्हणजे क्रिकेटचा माहीत. अबोली हसली. "जिंदगीत पुढं कसं जायचं ते सांगतात, आई." सासूबाई फुकट सांगत होत्या, दिवसभर.

पण या वहीत खोटं काहून लिहू? मलेबी पाहिजे. ते पाकीट नाही पाहिजे. कोणी दर गुरुवारी समोर बसून फक्त माझं ऐकावं, ते पाहिजे.

१० नोव्हेंबर, सोमवार

हे लिहाचं नव्हतं. तरी लिहते.

आमच्या कोष्ट्याच्या घरात सावजी मसाल्याले माप नसते. मूठ असते. तीबी थोरल्या सुनेची. सासूबाई तीन वर्षांआधी गेल्या. जायच्या महिनाभर आधी त्यांनी माझी मूठ आपल्या हातात धरून भरवली — दगडफूल एवढं, जायपत्री एवढी. हर्षा बाजूले मिरच्या खुडत होती, पाहत होती. धाकटीची मूठ चालत नाही. हा कायदा मी नाही केला.

मार्चमध्ये ती काटा घेऊन आली. "ताई, तुमची मूठ काट्यावर ठेवा ना. मले लिहून घ्याची आहे. मॅडम म्हणाल्या, पाहिजे ते सरळ मागावं."

बाकी सगळ्या मुठी खऱ्या भरल्या. दगडफुलाची ढिली भरली. पाच ग्रॅम आली. माझी खरी मूठ नऊ भरते. दगडफूल कमी पडलं की रस्सा लाल होते, तिखट होते, पण सावजी होत नाही.

तिनं पाच लिहून घेतले. मंग माझ्या पाया पडली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तिचा गुरुवार. साधी साडी, खांद्यावर कापडी पिशवी. कोचकडे जाते की गहू दळाले?

दारातच गाठली. म्हटलं, मलेबी नंबर दे तुझ्या मॅडमचा. चेहरा उतरला तिचा. "पाहते ताई, देते नंतर." आणि निघाली. नाही दिला. तिले वाटते मी मॅडम हिसकून घेईन.

घेईनच.

१६ नोव्हेंबर, रविवार

छातीत धडधड. या महिन्यात तिसऱ्यांदा. गल्लीतल्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, म्हणाला सगळं ठीक आहे, मन हलकं करा. जसं मन म्हणजे थैला, दोन किलो उतरवून ठेवा.

अबोली म्हणाली, "तुले कोच नको, थेरपिस्ट पाहिजे."

"पागलखान्यात नेतेस का वं मले?"

"साधा दवाखाना आहे, आई. ओपीडी आहे. बसून बोलायचं. कोच पुढं कसं जायचं ते सांगते, थेरपिस्ट कुठं दुखते ते पाहते."

कुठं दुखते ते मले ठाऊक आहे. बाजूच्या दारात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. कोचच. हर्षाच्या मॅडमपेक्षा मोठा.

२३ नोव्हेंबर, रविवार

कोचच्या कार्यक्रमाले हॉलमध्ये गेली, अबोलीनं मोबाइलवर नाव लावलं होतं. पहिल्या दिवशी फुकट. शंभरेक लोक. कोच कोटात, कानाले माइक. आधी टाळ्या वाजवाले लावल्या, मंग उड्या. माझे गुडघे काय त्याच्या बापाचे आहेत?

मंग म्हणाला, तुमच्या वाटेत जो आडवा येते त्याचं नाव कागदावर लिहा आणि फाडून फेका. बाजूच्या बाईनं असे तुकडे केले जशी कोथिंबीर चिरली. मी लिहिलं — हर्षा. फाडता नाही आलं. घडी करून पर्समध्ये ठेवलं.

तो फिरत फिरत माझ्याजवळ आला. "ताई, कोण आहे तुमच्या वाटेत?"

"जाऊ."

"मग तिला मागे टाका!"

मी म्हटलं, टाकली भाऊ, चार ग्रॅमनं. तरी झोप येत नाही.

त्याले काय समजलं कोण जाणे. खूप हसला, आणि तीन महिन्यांच्या कोर्सचा फॉर्म हातात दिला. त्याच फॉर्मवर येताना इतवारी बाजारात भजे घेऊन खाल्ले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उमरेडच्या लग्नातून हर्षाची पाकिटं परत आली. पोतंभर. आचाऱ्यानं निरोप धाडला — रंग आहे, तिखट आहे, सावजी नाही.

मी दाराआडून ऐकलं. मले आनंद झाला. खरं लिहून राहिली, झाला. चहा ठेवला स्वतःसाठी, जास्त साखरेचा. कप अर्धा व्हायच्या आधी तो आनंद सरला.

मंग तीच आली. ओट्याले टेकून उभी राहिली, सासूबाईच्या जागी. "चुलत सासरे म्हणत होते ना ताई, धाकटीच्या हाताले चव येत नाही. खरंच असन." पोत्यातलं एक पाकीट हातात होतं, स्वतःच्या फोटोवर अंगठा घासून राहिली होती. "बंद करते आता. एक तारखेले दुकानवाल्याले सांगून देते."

सांगाचं होतं मले. तोंड उघडलंबी. निघालं काय? "चहा घेतेस का?"

ती गेली आणि धडधड सुरू झाली. पाणी प्याली, पंखा लावला, जागेश्वरवर ओरडली. कमी नाही झाली.

अबोलीले विचारलं, ती ओपीडी कधी असते? "सोमवारी आणि गुरुवारी." गुरुवार बरा. गुरुवारी हर्षा घरी नसते. मले जाताना पाहणार नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

ओपीडीच्या बाकावर हर्षा बसली होती.

तीच कापडी पिशवी. आत दवाखान्याची फाइल, कोपरे घासून मऊ झालेले. मले पाहून उठली नाही, पळाली नाही. सरकली, जागा केली.

"सासूबाई गेल्या तेव्हापासून येते, ताई. तुमच्या भाऊजीलेबी कोचच म्हणा म्हटलं मी. इथलं नाव घेतलं असतं, तर लोकांनी माझ्या हातचा मसाला घेतला असता का?"

मी बाजूले बसली.

मंग तिनं हळूच विचारलं, "तुम्ही कोणापायी आल्या?"

"तुझ्यापायी."

तिनं पिशवी मांडीवर ओढली. "मीबी," म्हणाली. "तुमच्याचपायी."

आतून नंबर पुकारला. तिचा का माझा, ऐकलं नाही. मी तिची मूठ आपल्या हातात धरली, आणि घट्ट दाबली.

"दगडफूल पाच नाही वं, हर्षा. नऊ."